गाळ उपसला की तळं सुधारलं?

लव्हाळा : काल इथे एकाने लिहिलं होतं, 'गावतळं सुधारायला अभ्यास कशाला? पोकलेन लावा, गाळ काढा, काठ दगडांनी बांधून पिचिंग करा, मासे सोडा, झालं.' वाचून डोकं फिरलं. गटाराचं तोंड तळ्यातच सुटणार असेल तर गाळ काढून उपयोग काय? पाणी हिरवं पडतं ते सांडपाण्यातून आणि शेतातून येणाऱ्या फॉस्फरसमुळे. आणि ते पिचिंग! तळ्यातला निम्मा जीव काठच्या उथळ चिखलात असतो. आमच्या तळ्याला चारही बाजूंनी उभी भिंत घातली. पूर्वी पाणकणसाच्या आडोशाला टिबुकली पक्ष्याचं तरंगतं घरटं असायचं. आता शेपूट नुकतंच जिरलेलं बोटाच्या पेराएवढं बेडूक भिंतीवर चढू बघतं, घसरतं, पुन्हा पाण्यात पडतं. बघवत नाही.

साधासरळ : मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो. गटार बंद केलं की तळं आपोआप निवळतं हा भ्रम आहे. स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्यात येणारं सांडपाणी 1950च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं, तरी पुढची दहा वर्षं पाणी तसंच. 1970 आणि 1971 मध्ये वरचा गाळ उपसला तेव्हा कुठे फरक पडला. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला जुना फॉस्फरस परत पाण्यात उतरतो. करा आता गटार बंद!

निवळशंख : मग अमेरिकेतलं लेक वॉशिंग्टन? 1963 ते 1968 या काळात सांडपाणी वळवलं आणि गाळ न काढता ते निवळलं.

साधासरळ : त्याची खोली साठ मीटरच्या वर आहे हो! आपलं तळं पुरुषभर खोल. कशाची तुलना कशाशी करता?

लव्हाळा : बरं, उथळ तळ्यात गाळ काढावा लागतो, दिलं तुम्हाला. पण ट्रुमेनलाही आधी सांडपाणी थांबवलं, मग गाळ काढला. तुमच्याच प्रतिसादात आहे, पुन्हा वाचा.

काठावरची आई : तुम्ही बेडूक आणि टिबुकली घेऊन बसा. माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स रोज खाली जात होत्या आणि आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी, गॅम्बुशिया मासे सोडायलाच हवेत. माणसं आधी.

निवळशंख : ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण डेंग्यूचा डास तळ्यात वाढत नाही. तो टाकी, कुंडी, टायर यांत साठलेल्या पाण्यात वाढतो. गॅम्बुशिया मात्र बेडकांची पिल्लं कुरतडतो आणि पाणपिसवा म्हणजे पाण्यातले बारीक जीव फस्त करतो. शेवाळ खाणाऱ्या याच पाणपिसवा. 1972 मध्ये प्रायोगिक तळ्यांत हा मासा सोडून पाहिला, तर पाणी हिरवं झालं.

काठावरची आई : दुसरे डास नाहीत का? तळ्यावरून संध्याकाळी येतात ते काय आकाशातून पडतात? ज्याच्या घरी आजारपण नाही त्याने पाणपिसवा मोजाव्यात.

साधासरळ : ताईंशी शंभर टक्के सहमत.

लव्हाळा : तुम्ही सहमत होणारच, मासे सोडा हे तुमचंच. घाण पाण्यातला डास क्युलेक्स, तो वाढतो गटारामुळेच. गटार थांबवा, काठाला पाणवनस्पती येऊ द्या, चतुराच्या अळ्या त्या डासांच्या अळ्या खातात.

चिलापी : माशांवरून मीही बोलतो. आमच्याकडे तळं ठेक्याने जातं. ठेकेदार सायप्रिनस सोडतो. तो मासा तळ उकरत फिरतो, पाणी कायम गढूळ. वर शेणखत नि खाद्य. पावसाळी ढगाळ हवेत पहाटे पाहा, पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढत असतात. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर. मग सगळे ठेकेदाराला सोडून गटाराला शिव्या घालतात.

साधासरळ : म्हणजे ठेकाही बंद करा, मासेही नकोत, गाळही नको. मग तळ्याकडे बघत बसायचं?

लव्हाळा : गाळ काढा म्हटलंय ना! उन्हाळ्यात पाणी उतरलं की काढा, पण एका वर्षी अर्ध्याच भागातला. उरलेल्या अर्ध्यात शंख, कीटक, वनस्पतींची मुळं राहतात, तिथूनच पुढे सगळं पसरतं.

साधासरळ : गटाराचं आधी बघू, एवढं मान्य. पण रस्त्याकडचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो. तिथे भिंत होणारच, तुम्ही कितीही ओरडा.

लव्हाळा : तेवढ्याच बाजूला बांधा. बाकीच्या तीन बाजू उताराच्या ठेवणार असाल तर मी ओरडत नाही.

काठावरची आई : आणि डासांचं?