मूत्राशयाचा कॅन्सर: ऑपरेशन की रेडिएशन? पाच-दहा वर्षं झालेल्यांचे अनुभव हवेत

मंडळी, मोबाईलवरून टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. बाबा ६८ वर्षांचे. लघवीतून रक्त जात होतं पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून उष्णता झाली म्हणत सब्जाचं पाणी पीत राहिले. शेवटी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली तर रिपोर्टमध्ये स्नायूपर्यंत गेलेली निघाली, टी२. स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेलं नाही. बिडी आयुष्यभर ओढली, त्यामुळे कशामुळे झालं हे विचारतच नाही.

सर्जन म्हणतात आधी केमो, मग अख्खं मूत्राशय काढायचं आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवी पोटावरच्या बॅगेत. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात मूत्राशय ठेवून बघू, चार ते साडेसहा आठवडे रेडिएशन, सोबत केमो, पुढे कायम दुर्बिणीने तपासत राहायचं. बॅगचं नाव काढलं की बाबा उठूनच जातात, वारीला कसा जाऊ, पंगतीत वास आला तर काय, हेच चालू. काका म्हणतात काढून टाका, कटकट मिटेल.

२०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये अमेरिका-कॅनडातल्या ७२२ पेशंटचा अभ्यास आलाय, त्यात पाच वर्षांनी कॅन्सर दुसरीकडे न पसरलेले ऑपरेशन आणि रेडिएशन अशा दोन्ही गटांत साधारण ७५ टक्के. रेडिएशनवाल्यांपैकी १३ टक्क्यांचं मूत्राशय नंतर काढावंच लागलं. पण चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल नाही ती, आणि पेशंट निवडक, एकच गाठ, ७ सेंमीहून लहान, किडनीला सूज नाही किंवा एकाच बाजूला. बाबांची डावी किडनी थोडी सुजलीय. म्हणजे तिथे चालले असते, पण आमचे सर्जन म्हणतात सूज असली तर रेडिएशनच्या भरवशावर राहू नका. इथेच अडकलोय.

ज्यांच्या घरी ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली त्यांनी सांगा, किडनी, बी१२, बॅगेजवळ हर्निया, काय काय निघालं? प्रवासाला जातात का? रेडिएशनवाल्यांना नंतर रक्त जाणं, सारखी लघवी लागणं किती राहिलं? आणि रेडिएशननंतर पुन्हा उगवून मूत्राशय काढावं लागलेलं कोणी असेल तर प्लीज लिहाच, ते ऑपरेशन जास्त अवघड जातं म्हणतात.

ट्यूमर बोर्डपुढे (सगळे कॅन्सर डॉक्टर एकत्र बसून ठरवतात ती बैठक) फाईल पुढच्या आठवड्यात आहे, तिथे काय विचारायचं तेही सुचवा. गोमूत्र आणि काढे नकोत, त्यासाठी आमचा फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे.