जुळी, जावळी आणि 'आनुवंशिक' : शब्दचर्चा

प्रश्न

मुलीच्या नववीच्या प्रकल्पासाठी जुळ्यांवर मराठीत मजकूर लिहायला मदत करतो आहे. काही ठिकाणी अडलो. 'आयडेंटिकल ट्विन्स'ना काय म्हणायचं? 'अनुवांशिक' की 'आनुवंशिक'? आणि 'उंची ८० टक्के आनुवंशिक असते' या वाक्यातून नेमका काय अर्थ निघतो? माझी आई जुळ्यांना 'जावळी' म्हणते. तो शब्द लिहिला तर चालेल का?

उत्तर

आईचा शब्द अस्सल आहे, तो सोडू नका. संस्कृत 'यमल' म्हणजे जोडीनं जन्मलेलं. शब्दाच्या सुरुवातीचा 'य' मराठीत येताना 'ज' होतो (यात्रा-जत्रा, यव-जव) आणि मधल्या 'म'चा 'व' होतो (ग्राम-गाव, नाम-नाव). तसंच यमलचं जावळ झालं. मुळात 'यम' या शब्दाचाच एक अर्थ जुळा असा आहे. ऋग्वेदातले यम आणि यमी ही जुळी भावंडं. बाळाचं जावळ काढतात ते जावळ निराळं, त्याचा इथे संबंध नाही. बोलताना 'आवळीजावळी' असंही म्हणतात आणि तिघं असली तर 'तिळी'.

'जुळी' हा शब्द जास्त पसरला, कारण त्यात 'जुळणे' सरळ ऐकू येतं. म्हणून तो माणसांपुरता राहिला नाही. सोलापूरच्या एका भागाचं नावच जुळे सोलापूर. एका सालीत दोन गर असलेलं केळंही जुळं. आमच्याकडे ते गरोदर बाईच्या हाती पडू देत नसत, जुळी होतील म्हणून. आजी ते केळं मुद्दाम घरातल्या पुरुषांच्या ताटात वाढायची.

'आयडेंटिकल'साठी 'एकसारखी जुळी' किंवा 'समान जुळी' लिहू नका असं मी आग्रहानं सांगेन. दिसायला सारखी असणं ही खूण झाली, कारण नव्हे. एकच फलित बीज दुभंगून दोन जीव वाढले, हे कारण. दुसऱ्या प्रकारात दोन वेगळी बीजं एकाच वेळी फळतात, आणि त्या भावंडांत साधारण तेवढंच साम्य असतं जेवढं पाठोपाठच्या भावंडांत. शास्त्रीय लेखनात 'एकयुग्मज' आणि 'द्वियुग्मज' हे शब्द आहेत. 'एकबीज' सुटसुटीत वाटेल, पण नववीच्या मुलीला लगेच 'एकबीजपत्री' आठवेल आणि मका डोळ्यांपुढे येईल. मी 'एका बीजाची जुळी' आणि 'दोन बीजांची जुळी' असं लिहीन. उलगडून सांगावं लागत नाही.

'आनुवंशिक'च बरोबर. अनुवंश या शब्दाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो, जसं अनुषंग-आनुषंगिक. 'आधिभौतिक'सारख्या शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते हे खरं, पण तिथेही पहिला स्वर वाढलेला असतोच. 'अनुवांशिक'मध्ये पहिला तसाच राहतो आणि मधला वाढतो. शेजारच्या 'वांशिक'मुळे ही चूक रुळली असावी. वर्तमानपत्रांत रोज दिसते म्हणून ती बरोबर ठरत नाही.

आता ८० टक्क्यांचं वाक्य. इथे शब्द शुद्ध असला तरी तो अर्थच फिरवतो. ते वाक्य वाचून माणूस समजतो की माझ्या उंचीतला चार पंचमांश भाग आईबापांकडून आला आणि उरलेला दूधभाकरीतून. असा हिशोब एका माणसाच्या बाबतीत मांडताच येत नाही. तो आकडा फरकाचा आहे. एका समाजातल्या माणसामाणसांत उंचीचा जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो.

हाताची बोटं घ्या. पाच बोटं असणं ही जनुकांचीच करणी. पण गावात कुणाला चारच बोटं असली, तर बहुतेक वेळा कडबा कुट्टीच्या यंत्रात एक गेलेलं असतं. म्हणजे बोटांची संख्या ठरते जनुकांनी, तरी त्या संख्येतल्या फरकात जनुकांचा वाटा अगदी थोडा. एकाच पोत्यातलं ज्वारीचं बी अर्धं काळ्या जमिनीत आणि अर्धं मुरमाड जमिनीत पेरलं, तर दुसरं उदाहरण मिळतं. एका शेतातल्या ताटाताटांत उंचीचा फरक दिसेल तो बियाण्याचा. दोन शेतांमधला फरक मात्र मातीचा. बी तेच आहे, पण आकडा एकाच शेतात मोजला की दोन्ही शेतं मिळून, यावर तो बदलतो.

जुळ्यांचा अभ्यास याच आकड्यासाठी होतो. एका बीजाच्या जोड्यांमधलं साम्य दोन बीजांच्या जोड्यांपेक्षा किती जास्त आहे ते मोजतात. २०१५ साली अशा २,७४८ शोधनिबंधांचं एकत्र गणित मांडलं गेलं. त्यात जवळपास दीड कोटी जोड्या आणि १७,८०४ गुणविशेष होते, आणि सरासरी निघाली ४९ टक्के. त्यावरून 'माणूस निम्मा आनुवंशिक' असा मथळा कुणी दिला तर तो चूक. म्हणून या मापासाठी नुसतं 'आनुवंशिकता' न वापरता 'फरकातला आनुवंशिक वाटा' लिहावं. लांब आहे, पण खरं आहे.

दुसरं उत्तर

माझी आई आणि मावशी एका बीजाच्या. आजोबांच्या नागपूरच्या भावाला मूल नव्हतं, म्हणून मावशी दहा महिन्यांची असताना तिकडे दत्तक गेली. आई कोल्हापुरात वाढली. दोघींचा आवाज इतका एक, की फोनवर बाबाही फसायचे. पण आई म्हणायची 'मी आलो', तिकडच्या बायका म्हणतात तसं, आणि मावशी म्हणायची 'मी आली'. मग 'का'ऐवजी 'काहून' आलं की बाबा हसून फोन आईकडे द्यायचे. खोकण्याची लकब एक, हसताना तोंडावर हात धरायची सवयही एक. तिखट मात्र मावशीला जास्त लागायचं.

माझा प्रश्न असा, की 'एन्व्हायर्न्मेंट'ला इथे 'पर्यावरण' म्हणायचं की 'संस्कार'?

पहिल्या उत्तरात भर

दोन्ही नको. 'पर्यावरण' वाचलं की झाडं आणि प्रदूषण मनात येतं. 'संस्कार'मध्ये मोठ्यांनी जाणूनबुजून लावलेलं वळण येतं, पण ताप, उपासमार, शाळेतला शेजारी, नागपूरचं 'काहून' हे त्यात बसत नाही. शिवाय सुरुवात पोटातच होते. एका बीजाच्या जुळ्यांना बरेचदा एकच वार असते, तिच्यातून एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी रक्त मिळू शकतं, आणि जन्मतःच वजनात फरक पडतो. हे सगळं पोटात घेईल असा शब्द 'भोवताल'. जनुकं आणि भोवताल.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं १८७५ साली जुळ्यांवर लेख लिहून ही दोन टोकं समोरासमोर उभी केली, आणि त्याच्या 'नेचर आणि नर्चर'मधल्या 'नेचर'चं आपण 'निसर्ग' करून बसलो, जो मराठीत डोंगरदऱ्यांचा शब्द आहे. आपल्याकडे गोठ्यातल्या म्हणीत हा भेद आधीच आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे अंगाचा रंग. शेतकरी आजही बियाण्याच्या जातीला वाणच म्हणतो, उदाहरणार्थ ज्वारीचा मालदांडी वाण. 'खाण तशी माती' म्हणणाऱ्यांनी ही दुसरी म्हणही जपून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुमच्या मावशीचा आवाज वाणातला, 'काहून' शेजारचं.

प्रश्नकर्ता

मुलीनं वाक्य बदललं. आता असं आहे : 'पोटभर खाऊन वाढलेल्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के फरक जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो.' आणि शीर्षक आजीच्या शब्दात ठेवलंय, 'जावळी'.