मंगळावरचा चेहरा आणि तो ठिपका

मंगळावर माणसाच्या चेहऱ्यासारखं काहीतरी आहे आणि नासाने ते लपवलं म्हणताय, पण १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग १ यानाने काढलेला त्या चेहऱ्याचा फोटो थोड्याच दिवसांत नासानेच जाहीर केला होता की! आणि नाकपुडी म्हणून जो काळा ठिपका दाखवतात ना, तो तर चक्क डेटा पाठवताना गळालेला भाग आहे, असे ठिपके त्या फोटोत सगळीकडे पसरलेत, हा नेमका नाकाच्या जागी पडला. त्यात सूर्य खाली, सावल्या लांब, मग काय डोळे-तोंड आपोआप तयार. नासाच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या २००१ च्या फोटोत त्याच जागी नुसती झिजलेली टेकडी दिसते. चीनच्या युटू-२ या रोव्हरला (चंद्रावर फिरणाऱ्या गाडीला) दिसलेल्या 'झोपडी'चं मात्र मला जाम कुतूहल होतं, पण रोव्हर जवळ गेल्यावर छोटासा दगडच निघाला, तोही सशासारखा!