घरात मारहाण होत असलेल्या स्त्रीला आणि तिच्या कुटुंबाला परिचारिकेने आधार कसा द्यावा?

प्रश्न : परिचारिका, फोंडा तालुका, गोवा

मी एका आरोग्य केंद्रात काम करते. गरोदर स्त्रियांच्या तपासणीला येणाऱ्या एका बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ उठलेले मी दुसऱ्यांदा पाहिले. "न्हाणयेंत निसरून पडलें," एवढेच ती बोलली; पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नवऱ्यानेच दिले, आणि त्यांचा लहान मुलगा तिच्या ओढणीचे टोक मुठीत धरून उभा होता. वरिष्ठांना सांगितले, तर हा त्यांच्या घरचा मामला आहे, आपण औषधपाणी करावे, असे उत्तर मिळाले. गाव लहान असल्यामुळे तिची सासूही मला ओळखते. अशा वेळी काय विचारावे, केसपेपरवर काय लिहावे आणि त्या मुलासाठी काय करता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त मेट्रन, म्हापसा

ताई, मार लागून बाई आपल्या टेबलासमोर आली की तो घरचा मामला राहत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेने 'सेहत' या संस्थेबरोबर २००० साली मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते हे आरोग्यसेवेचेच काम आहे असे मानूनच.

सर्वांत आधी तिला एकटीला गाठा. वजन करणे, पोट तपासणे ही निमित्ते आपल्या हातात असतात. "आत फक्त पेशंट" हा नियम सगळ्यांनाच लावला, तर कोणत्याही नवऱ्याला वेगळा संशय येत नाही. बोलता येणाऱ्या मुलासमोरही विचारू नये, कारण ऐकलेले ते घरी जाऊन सांगते. बाई कन्नड बोलणारी असेल, तर नवऱ्याला किंवा नणंदेला दुभाषा करू नका. आपल्या कर्मचाऱ्यांतले कोणी शोधा. मग आडवळणे न घेता विचारा, "असे वळ मारामुळेही उठतात, म्हणून विचारते. घरी कोणी मारते का? कोणाची भीती वाटते का?" ती नाही म्हणाली तर खोदून विचारू नका, पण केव्हाही येऊन बोलता येईल हे तिला सांगून ठेवा. हो म्हणाली तर आधी ऐकून घ्या. "इतके दिवस का सहन केलेस" आणि "मुलाकडे बघून जमवून घे" ही दोन्ही वाक्ये तिचे तोंड कायमचे बंद करतात. नवऱ्याला बोलावून समेट घडवण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो.

गळा दाबला होता का, हे आवर्जून विचारा. बाहेरून वळ दिसत नसला तरी आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा. गळा दाबणारा माणूस पुढे जीवही घेऊ शकतो, हे लक्षात ठेवून तिला घरी पाठवण्याआधी आज रात्री ती कुठे राहणार हे विचारा. पोटावर मार असेल, तर बाळाची तपासणी होईपर्यंत तिला सोडू नये.

केसपेपरवर तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहा. जखम शरीराच्या कोणत्या बाजूला, किती सेंटिमीटर, कोणत्या रंगाची, हे नोंदवा. रंगावरून ती किती दिवसांची आहे याचा अंदाज मात्र लिहू नका. स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढू नका. एमएलसीची (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद डॉक्टर करतात आणि तिची सूचना पोलिसांकडे जाते, हे तिला आधीच सांगावे, म्हणजे आपण तिचा विश्वासघात केला असे तिला वाटणार नाही.

उत्तर : विधी सेवा स्वयंसेवक, पणजी

आपल्या वरिष्ठांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा दाखवावा. कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला) माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. कलम ७ प्रमाणे अशा स्त्रीला वैद्यकीय मदत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. २००६ च्या नियमांनुसार घटना अहवाल (या कायद्याखाली होणारी हिंसाचाराची लेखी नोंद) आणला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावी लागते.

गोव्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असते आणि घर-जमीन विकायला पत्नीचीही सही लागते. सहीसाठी मारहाण झाली असेल, तर ते तिच्या शब्दांत नोंदवले जाणे फार मोलाचे ठरते. कायद्याचा सल्ला परिचारिकेने देऊ नये. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, एवढे सांगितले तरी पुरे.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचेही मनापासून आभार. हेल्पलाईनचा नंबर तिला लिहून द्यावा का? आणि मुलाचे व सासूचे काय करावे, हे अजून समजत नाही.

उत्तर : एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका), वाळपई

१८१ (महिला हेल्पलाईन) आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत) हे नंबर छोटे आहेत, ते तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. केसपेपर नवऱ्याच्या हातात जातो, त्यामुळे त्यावर लिहू नका. तिला फोन करायचा झाल्यास कोणत्या नंबरवर आणि किती वाजता करावा, हेही तिलाच विचारा. घरभेटीत हा विषय कधीही काढू नये.

मुलाची उलटतपासणी घेऊ नका. तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे का, बोलणे कमी झाले आहे का, हे आईला विचारा आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. त्यालाही मार बसत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. सासू मारणाऱ्याच्याच बाजूची आहे, असे धरून चालू नका. माझ्या पाहण्यात अनेक घरांत मुलगा दारू पिऊन आईवरही हात उचलतो, आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिलाही लागू आहे. दारू सोडण्यासाठी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार मिळतात, पण नवऱ्याला तिकडे पाठवण्याचा विषय बायकोच्या संमतीनेच काढावा, आणि उपचार सुरू झाले म्हणून तिच्या सुरक्षिततेची तयारी सोडू नये.

तिला पुढची तारीख महिन्याची न देता आठवड्याभराची द्या. गरोदर बाईचा रक्तदाब आणि वजन पुन्हा पाहायचे आहे, असे सांगितले की घरचे तिला अडवत नाहीत.