ड्रायर फिरतोय, पण गरमच होत नाही

ओलेमोजे:
नळीने हवा बाहेर सोडणारा ड्रायर आहे, 230 व्होल्टचा. ड्रम फिरतो, पंख्याचा आवाज येतो, टायमरही पुढे सरकतो, पण तासाभराने दार उघडावं तर कपडे टाकले तसेच गार. गेले काही आठवडे वाळायला जरा जास्तच वेळ लागत होता, जीन्सचे खिसे नि कंबरपट्टे दमट राहायचे. परवापासून गरम होणंच बंद. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी दर वेळी साफ करते. कॉइल (हवा तापवणारी तार) गेली असेल ना? मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सरळ नवीन कॉइल मागवू का?

तारवाला:
थांबा, इतक्यात काही मागवू नका. कॉइल तुटते तेव्हा तडकाफडकी तुटते, आठवडे-आठवडे वर्दी देत नाही. हळूहळू वाढलेला त्रास म्हणजे हवा कुठेतरी अडतेय. गरम हवा बाहेर पडली नाही की आत तापमान चढतं आणि थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की करंट तोडणारा तुकडा, उडतो. काही मॉडेलमध्ये तो उडाला की मशीनच सुरू होत नाही, काहींत फक्त हीटर बंद पडतो. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय.

प्लग उपसून काढा. नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. मागचा पत्रा काढलात की हीटरच्या डब्यावर किंवा पंख्याच्या आवरणावर दोन वायरी लावलेला छोटासा तुकडा दिसेल, बहुतेक पांढरा. तोच फ्यूज. निदान एक वायर काढून मगच मीटर लावा, नाहीतर दुसऱ्या वाटेने रीडिंग येतं आणि आपण उगाच खूश होतो. बीप आला, म्हणजे आतली वाट जोडलेली असली, तर फ्यूज ठीक.

हात आत आहेच तर कॉइलही बघा. 2000 वॅटची असेल तर 26 ओहमच्या आसपास यायला हवं. कॉइलचं टोक आणि डब्याचा पत्रा यांच्यात मात्र काहीच रीडिंग नको. आलं तर तार पत्र्याला टेकलीय.

जुगाडू:
एवढं कशाला? फ्यूजच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा, लगेच गरम होईल.

तारवाला:
होईल की! आणि आतला लिंट पेटायला लागला तर अडवायला काही उरणार नाही. चाचणीपुरतंही करू नये. ओलेमोजे, तिकडे लक्ष देऊ नका.

ओलेमोजे:
फ्यूजचा बीप नाही. कॉइल 25 ओहम, पत्र्याशी काही नाही. मशीन पुढे ओढलं तर मागची नळी भिंतीशी पार चेपलेली, आणि वळणात लिंटची गोधडीच जमलेली! जाळीच्या खाली जो खाचा आहे त्यातही बोट घातलं तर बोळे निघाले.

तारवाला:
सापडला चोर. जाळीतून निसटलेला लिंट तिथेच साठतो. फ्यूज आपल्या मॉडेलचाच घ्या, तापमानाचा आकडा जुळलाच पाहिजे. नळी शक्यतो धातूची, होईल तेवढी आखूड आणि सरळ, प्लास्टिकची नको. मशीन मागे ढकलताना ती पुन्हा चेपणार नाही एवढी जागा सोडा.

सगळं बसवल्यावर बाहेरच्या तोंडाशी हात धरा, झोत जोरात लागायला हवा. झोत चांगला असूनही फ्यूज परत उडाला, तर थर्मोस्टॅटचे (तापमान आवरणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत असं समजा आणि तोही बदला.