मदत हवी आहे: आईची पीएफ पेन्शन अडकलीय (विडी कामगार, सोलापूर)

पूर्वभागकर: आईचा अर्ज परत आला, नाव जुळत नाही म्हणे. कारखाना म्हणतो पीएफ ऑफिसला जा, तिथले म्हणतात कारखान्याचा सही-शिक्का आणा. लवकर सांगा कुणीतरी. बोटं वाकल्यामुळे तिनं विड्या वळणं सोडलंय.

अक्कलकोट_रोड: वय काय? सर्व्हिस किती? फॉर्म कुठला भरला?

किरण७७: पेन्शनच्या नादी लागू नका. सगळी रक्कम काढून एफडी करा. आम्ही तेच केलं.

अक्कलकोट_रोड: चुकीचं सांगू नका ओ. 10 वर्षं भरली असतील तर पेन्शनचा भाग काढताच येत नाही. पीएफ फॉर्म 19 वर, पेन्शन 10-डी वर.

किरण७७: किमान पेन्शन 1,000 रुपये, तीही 2014 पासून तेवढीच. त्यात काय होतंय?

सुनबाई: माझ्या सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यातच येतात. हक्काचे पैसे का सोडायचे?

नवी_पेठ: असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढा, सगळं मिळतं. तसंही घरी वळणाऱ्यांना पीएफ नसतोच.

अक्कलकोट_रोड: दोन्ही चूक. घरखेपी कामगारांनाही पीएफ लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच सांगितलंय. आणि ई-श्रम पीएफ सभासदांसाठी नाही.

नवी_पेठ: बरं. रे नगरला, त्या कामगारांच्या घरकुलांत, घराचा नंबर लागला का पण?

पूर्वभागकर: घराचं नंतर बघू. 58 पूर्ण, 20 वर्षांच्या वर काम, 10-डी भरलाय. पीएफला माहेरचं आडनाव, आधारला सासरचं.

अक्कलकोट_रोड: हे आधी सांगायचं ना! 10-डी नंतर, आधी जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नाव-तारीख दुरुस्तीचा फॉर्म. त्यावर आई आणि कारखाना, दोघांच्या सह्या लागतात, म्हणून शिक्का मागतात. नाव बदलल्याचा पुरावा जोडा, लग्नाचा दाखला किंवा गॅझेट. जन्मतारीखही याच वेळी तपासा, नाहीतर पुन्हा परत येईल. जुनं विडी कार्ड (कामगार ओळखपत्र) फेकून देऊ नका.

पूर्वभागकर: तारीखही वेगळी निघाली. आधारवर 1 जानेवारी, पीएफला दुसरीच. आई शाळेत गेलीच नाही, दाखला कुठून आणू? आधार चालेल का?

सुनबाई: जन्मतारखेला आधार 2024 पासून चालत नाही. सिव्हिल सर्जनचा वयाचा दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र. सासूबाईंचं तसंच झालं. सिव्हिलला सकाळी लवकर जा, आईंना सोबत न्या.