थर वाळवंटातल्या टोकाच्या गावांना काय द्यावं: बूस्टर की टाकं?

वाळूवाट:
गेल्या चैत्रात राजस्थानात बाडमेरकडच्या एका गावात आठवडाभर राहिलो. वेशीबाहेर बूस्टर पंपिंग स्टेशन, म्हणजे वाहिनीतलं पाणी पुढे ढकलणारं पंपघर आहे: संप (पाणी साठवायचा जमिनीखालचा हौद), दोन मोटारी, शेजारी उंच टाकी. पाणी निघतं पंजाबात, सतलज आणि बियास मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यातून. ६४९ किलोमीटरचा इंदिरा गांधी कालवा, त्यावरच्या मोहनगढहून बाडमेरकडे जलवाहिनी आणि वाटेत पंपामागून पंप. मी होतो तेव्हा नहरबंदी चालू होती, म्हणजे दुरुस्तीसाठी कालवा बंद. संपाच्या तळाशी नुसता गाळ. लोक टँकरवाल्याला फोन करत होते. घरोघरी पावसाचं पाणी साठवायचं जुनं टाकं होतं (तिकडे टांका म्हणतात), पण त्यात पाणी उतरवणारं आगोर, म्हणजे भोवतालचं उताराचं अंगण, फुटलेलं. नळ आल्यापासून कुणी लिंपलंच नव्हतं.

माझं मत: नवे बूस्टर थांबवा, तो पैसा घरोघरच्या टाक्यांना द्या. १०० चौरस मीटर आगोरावर २०० मिलिमीटर पाऊस झाला तर २० हजार लिटर पाणी होतं. आपल्या गडांवरची टाकी मोटारीशिवायच शेकडो वर्षं टिकली.

दाबमापक:
हिशेब अर्धाच मांडलात. जिरतं-उडतं ते वजा करा, १५ हजार उरतील. म्हणजे अख्ख्या घराला रोज ४० लिटर. उन्हाळ्यात एकटी गाय तेवढं पिते. घरोघरी नळ देणारं केंद्राचं जल जीवन मिशन रोज माणशी ५५ लिटर धरतं. आणि दुष्काळात २०० मिलिमीटर येतो कुठे?

हजार लिटर पाणी २०० मीटर उचलायला साधारण पाऊण ते एक युनिट वीज लागते. टँकरच्या डिझेलपुढे ते काहीच नाही. खरं दुखणं वेगळं आहे. वीज अचानक गेली की वाहिनीतलं पाणी उलटं फिरून दणका देतं, पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजलेला असला की सांधे उखडतात. बारा वर्षं मी हेच दुरुस्त केलंय. दुसरी मोटार राखीव असते, पण पहिली जळेपर्यंत तिला कुणी चालवून बघत नाही. तिथे माणूस नेमा.

मारवाडची सून:
वाळूवाटदादा, लग्न होऊन आले तेव्हा आमचं टाकं माघातच आटायचं. मग मी आणि जाऊबाई दोन कोस चालायचो, मचूळ विहिरीवर. त्या फ्लोराइडच्या पाण्यानं सासऱ्यांचे दात गेले, गुडघे वाकले. आणि कुणाच्या टाक्याला कुणी हात लावायचा हे जात ठरवायची. नळ आला त्या दिवशी मेघवाळांच्या, म्हणजे दलितांच्या बायका आणि आम्ही एका रांगेत उभ्या होतो. मला रडू आलं. बूस्टर थांबवा असं म्हणू नका.

कृष्णाकाठ:
मी वाळूवाट यांच्या बाजूचा. आमच्या सांगलीकडे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पंप थकीत वीजबिलापायी बंद राहिलेले पाहिलेत. पंप जागेवर, शिवार कोरडं. दाबमापक, बिल कुणी भरायचं हेच ठरलं नसेल तर तुमचं पाऊण युनिटही जड होतं. शिवाय वरची गावं वाहिनीला चोरून जोड देतात, टेलच्या, म्हणजे शेवटच्या गावाच्या संपात पाणी पोचतच नाही. तिथे बूस्टर काय उचलणार?

दाबमापक:
चोरीचं खरं आहे. प्रत्येक बूस्टरच्या आधी आणि नंतर मीटर बसवला की पाणी कुठे गळतं ते त्याच दिवशी कळतं. बिलाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

वाळूवाट:
ताई, जातीची बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. 'बूस्टर थांबवा' हे मागे घेतो. पण नहरबंदीत तुमच्या घरी प्यायला काय होतं, तेही सांगा. नळजोडणीच्या अंदाजपत्रकातच आगोराच्या डागडुजीचा खर्च धरायला हवा, यावर मी ठाम आहे.

मारवाडची सून:
यंदा टँकर घेतला, तोही उधारीवर. आगोराचं पटतंय. पण ते पावसाआधी, भर ज्येष्ठाच्या उन्हात लिंपावं लागतं आणि लिंपतो आम्ही बायका. त्या अंदाजपत्रकात आमची मजुरीही धरा.